फळी नरपडला, कड्या तलासरीला

बोर्डीच्या दक्षाबाई राऊत रंगपेटी घेऊन कुणाच्या घरी गेल्या की त्या घरातल्या माणसांकडे धड बघतसुद्धा नसत. त्यांची नजर थेट कोपऱ्यातल्या कपाटावर जाई. सगळी नोकरी शाळेत चित्रकला शिकवण्यात गेल्यामुळे त्यांना माणसं काढायचा मनस्वी कंटाळा आला होता. माणूस हलतो, मध्येच पाणी मागतो, आणि चित्र पुरं झालं की नाक जाड काढलं म्हणून फुगून बसतो. कपाटाचं तसं नाही. ते जिथल्या तिथे उभं राहतं आणि नाकाबद्दल त्याच्या काही अपेक्षा नसतात.

म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी जुन्या घरगुती सामानाची जलरंगात चित्रं काढायचा सपाटा लावला. लांब हातांच्या आरामखुर्च्या, दुधाची जाळीची कपाटं, पितळी फुल्यांचे पेटारे, पारा उडालेले आरसे. झाईपासून चिंचणीपर्यंत कुणाच्या माळ्यावर काय धूळ खात पडलंय हे त्या घराच्या सुनेपेक्षा दक्षाबाईंना जास्त ठाऊक असे. खुर्ची काढायच्या आधी त्या तिला सुताने मोजून घेत, शिंप्याने मोजावं तशा. चित्र मात्र दोन-तीन बैठकींत होई, कारण समुद्राच्या हवेत कागद लवकर वाळत नाही आणि ओल्यावर दुसरा रंग टाकला की शिसवी लाकडाचा चिखल होतो.

त्यांचा नियम एकच होता. जे आहे ते काढायचं. या नियमापायी त्यांची एकदा चांगलीच पंचाईत झाली होती. धाकट्या डहाणूला भिकी मांगेलिणीच्या घरी तिच्या आजेसासऱ्यांचा पेटारा होता, काळाभोर, हात लावला तर बोटांना तेल लागेल असा. गुरुवारी येते चित्र काढायला, असं सांगून दक्षाबाई गेल्या. आता पेटाऱ्याचं चित्र पुस्तकात जाणार म्हटल्यावर तो असा पारोसा कसा जाईल? भिकीच्या नवऱ्याने नुकतीच होडी रंगवून काढली होती. उरलेला सगळा ऑइलपेंट त्याने पेटाऱ्यावर घातला. निळा पेटारा, वर भगवा पट्टा, कडेने पांढरी किनार. गुरुवारी दक्षाबाई दारात उभ्या राहिल्या त्या नुसत्या उभ्याच राहिल्या. पण घरचे एवढ्या कौतुकाने बघत होते की त्यांनी मुकाट्याने निळा रंग कालवला. पुढे मुंबईच्या प्रकाशिका शितलबाईंनी ते चित्र पाहून, हा पोर्तुगीज प्रभाव असावा का, असं विचारलं. दक्षाबाई म्हणाल्या, असेल बाई.

तर या शितलबाई. त्यांनी दक्षाबाईंची चित्रं कुठल्याशा प्रदर्शनात पाहिली आणि पुस्तक काढायचं ठरवलं. जाड कागद, मोठा आकार, प्रत्येक चित्रासमोर त्या वस्तूचा छोटा फोटो, घरच्या माणसांसकट. वस्तू आजही घरात वापरात असली पाहिजे, ही त्यांची अट. संग्रहालयातलं आणि आठवणीतलं नको. सगळी चित्रं झाली, पसंत पडली, आणि फक्त मुखपृष्ठाचं अडलं. त्यासाठी दक्षाबाईंनी झोपाळ्याच्या चित्राचा फोटो मोबाइलवर पाठवला आणि तिथे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडला.

कारण तो झोपाळा नव्हताच. म्हणजे होता, पण अर्धा नरपडला आणि अर्धा तलासरीला.

दक्षाबाईंचे वडील गेल्यावर त्यांच्या दोन भावांमध्ये, थोरल्या अमृतदादात आणि मधल्या धनेशभाईत, वाटण्या झाल्या. चिकूची वाडी झाली, भातशेती झाली, भांडीकुंडी झाली. सगळं कसं शहाण्यासारखं चाललं होतं. शेवटी ओटीवरचा झोपाळा उरला आणि दोघांचीही शहाणपणाची शिल्लक तिथेच संपली. अमृतदादा म्हणे मी थोरला, धनेशभाई म्हणे मी बाबांच्या शेजारी त्याच्यावर बसायचो. पंच म्हणून बसवलेले मामा दोन दिवस चहा पिऊन पिऊन पित्ताने हैराण झाले होते. ते वैतागून म्हणाले, मग तोडा आणि घ्या अर्धा अर्धा. हे ते रागाने म्हणाले होते. पण दोन्ही भावांनी एकमेकांकडे बघितलं आणि दोघेही म्हणाले, चालेल. फळी अमृतदादाने घेतली, पितळी कड्या धनेशभाईने घेतल्या. त्यानंतर दोघांचं बोलणं बंद झालं ते आजतागायत. लग्नकार्यात एक मांडवाच्या या टोकाला बसे तर दुसरा त्या टोकाला, आणि फोटोवाल्याची तारांबळ उडे.

बहिणीला काय हवंय हे त्या वेळी कुणी विचारलं नाही. विचारायची रीतच नव्हती, आणि दक्षाबाईंनीही वाईट वाटून घेतलं नाही, म्हणजे तसं त्या सांगत. खरं असं की वाडी, शेती, भांडी यांतलं काही त्यांना नको होतं. त्यांना तो झोपाळा हवा होता. ही गोष्ट त्यांनी कधी नवऱ्यालाही सांगितली नव्हती आणि तोही आता राहिला नव्हता.

मग त्यांनी काय केलं, तर तो कागदावर जोडला. एका रविवारी नरपडला जाऊन, भाचरं-नातवंडांच्या गर्दीत फळी बघून आल्या. शिसवी फळी ती, आणि तिच्यावर टीव्ही, सेट टॉप बॉक्स आणि सुषमावहिनींची औषधं. दुसऱ्या रविवारी एसटीने तलासरी. धनेशभाईच्या खतांच्या दुकानामागे घर, आणि घराच्या पडवीत चारी कड्यांना मनीप्लांटच्या चार कुंड्या लटकत होत्या. कड्या मात्र लखलखीत. दर सणाला धनेशभाई स्वतः चिंच लावून त्या घासत असे. दक्षाबाईंनी कड्यांवरचे मोर आणि हत्ती टिपून घेतले. जलरंगात पितळेची चमक रंगवता येत नाही, तिथे कागद कोरा सोडावा लागतो. हत्तींच्या पाठीवर त्यांनी असा मोजका कोरा कागद सोडला. मागची भिंत आणि ओटी आठवणीने काढली, कारण जुनं घर पाडून तिथे अमृतदादाने बंगला बांधला होता. झोपाळ्याखाली आईची पाण्याची कळशी ठेवली. चित्र असं उतरलं की शितलबाईंनी फोनवरच सांगितलं, हेच मुखपृष्ठ. आणि पाठोपाठ विचारलं, हा झोपाळा कुणाच्या घरी आहे?

दक्षाबाईंच्या तोंडून निघून गेलं, "माझ्याच घरी."

वा, मग फोटो काढायला येत्या रविवारी येतो, असं म्हणून शितलबाईंनी फोन ठेवला. दक्षाबाई पडवीत येऊन बसल्या. पडवीच्या छताला पंख्यासाठी एक आकडा होता आणि त्याला पंखाही नव्हता.

आता त्यांना भीती दोन गोष्टींची होती. खोटं उघडं पडलं तर मुखपृष्ठ जाईल, हे एक. आणि मग इतर चित्रांवरही कोण कशाला विश्वास ठेवेल? पण त्याहून मोठी गोष्ट त्यांना बसल्या बसल्या कळली, की त्या खोटं बोलल्याच नव्हत्या, मनातलं बोलल्या होत्या. झोपाळा माझ्या घरी असावा. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा तोंडाबाहेर पडलं, तेही एका परक्या बाईपाशी.

दुसऱ्या दिवशी सकाळीच चित्र प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून त्या शेअर रिक्षाने नरपडला गेल्या. अमृतदादा अंगणात दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या एकात एक घालून त्यांवर बसला होता. दोन्ही गुडघे बदलल्यापासून त्याला बुटकं आसन चालत नसे. दक्षाबाईंनी सरळच फळी मागितली, चार दिवसांपुरती. दादा म्हणाला, फळी देईन, पण त्या तलासरीवाल्याच्या कड्यांना माझी फळी लागणार नाही. दक्षाबाई म्हणाल्या, मग काय हवेत तरंगेल? दादा म्हणाला, ते तू बघ, तू चित्रकार. त्यावर त्यांनी शेवटचा उपाय म्हणून चित्र उघडून दाखवलं.

अमृतदादाने चष्मा पुसला, चित्र जवळ घेतलं, लांब धरलं, आणि पुन्हा जवळ घेतलं. दक्षाबाईंना वाटलं, विरघळला.

"उंच झालाय," दादा म्हणाला.

"काय?"

"झोपाळा. एवढा उंच कुठे होता? गुडघ्याला लागायचा. याच्याखाली ही कळशी जाईल का? तांब्या गेला तर मिशी काढीन. कुणी सांगितलं तुला एवढा उंच काढायला? त्यानेच सांगितलं असणार."

कुणी सांगितलं नाही, मला आठवतो तसा काढला, असं दक्षाबाई म्हणाल्या. पण दादाचं ऐकण्याकडे लक्ष नव्हतं. त्याने सुषमावहिनींना बाहेर बोलावून चित्र दाखवलं. वहिनी लग्न होऊन त्याच घरात आलेल्या, त्यांनी डोकं हलवून सांगितलं, की असेल बाई, मला त्या झोपाळ्यावर बसायला कुणी वेळ दिला होता? दादाने तो विषय तिथेच सोडला.

चिडून दक्षाबाई तशाच तलासरीला गेल्या. धनेशभाई दुकानात युरियाच्या गोण्या मोजून घेत होता. इतकी वर्षं तिकडे काढून त्याची बोली जरा गुजरातीकडे कलली होती, झोपाळ्याला तो आता हिंचका म्हणे, आणि नरपडच्या यादीत हाही एक गुन्हा नोंदलेला होता. कड्या द्यायला त्याचीही ना नव्हती, फक्त त्या नरपडच्या फळीला लावायच्या नाहीत एवढंच. दक्षाबाईंनी कपाळाला हात लावला आणि चित्र दाखवलं. त्यानेही ते जवळ घेतलं, लांब धरलं.

"हिंचका एवढा उंच नव्हता, दक्षा. माझे पाय फरशीवर घासायचे. चपला झिजायच्या म्हणून आई ओरडायची. वीतभर होता खाली, वीतभर."

दक्षाबाई कंटाळून म्हणाल्या, "दादा म्हणतो गुडघ्याएवढा होता."

धनेशभाईने हातातली पावती खाली ठेवली. "तो म्हणतो?"

आणि तिथे दक्षाबाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एकाने दुसऱ्याबद्दल काही विचारलं होतं. शिक्षकी पेशातल्या बाईला कुठल्या मुलाला कुठे डिवचलं की तो फळ्यापर्यंत येतो हे पक्कं ठाऊक असतं. त्यांनी चित्र गुंडाळत अगदी सहज सांगितलं, की हो, दादा म्हणाला धनेशला काय आठवणार, तो सारखा खालीच पडायचा. अमृतदादा असं काही म्हणाला नव्हता. पण म्हणाला असता, अशी दक्षाबाईंची खात्री होती.

घरी येऊन त्यांनी नरपडला फोन लावला आणि सांगितलं, भाई म्हणतो झोपाळा वीतभर उंच होता, दादाला नीट आठवत नाही, वय झालं. यातलं वीतभर सोडून बाकीचं त्यांनी पदरचं घातलं. मग दादा म्हणाला, की सांग त्याला, लावून बघू. तलासरीहूनही साधारण असाच निरोप आला, फक्त त्यात दोन शब्द जास्त होते आणि ते इथे देण्यासारखे नाहीत.

आता हा वाद कधीच सुटणारा नव्हता, हे सांगायला हवं. कड्या पितळी, त्यांची लांबी ठरलेली. पण त्या वर जुन्या वाशाला लोखंडी साखळीने अडकवलेल्या असत, आणि ती साखळी वाशांबरोबर घर पाडताना गेली. साखळी गेली तशी उंचीही गेली. दक्षाबाईंना हे दिसत होतं, पण त्या बोलल्या नाहीत. वाद मिटला असता तर झोपाळा आलाच नसता.

त्यांनी रूपेश वेल्डरला बोलावून पडवीच्या तुळईत चार आकडे ठोकून घेतले आणि वर नव्या साखळ्या लावून घेतल्या. पाच माणसांचं वजन घेईल, असं सांगून तो आकड्याला स्वतः लोंबकळून दाखवून गेला.

शनिवारी सकाळी आधी नरपडचा टेम्पो आला. मागे चिकूचे क्रेट आणि त्यांच्यामध्ये गोधडीत गुंडाळलेली फळी, नवी नवरी असावी तशी. पुढे दादा आणि सुषमावहिनी. दादा उतरून पडवीत दोन खुर्च्या एकात एक घालून बसतो न बसतो तोच तलासरीची गाडी आली. धनेशभाईने भाताच्या पोत्यातून कड्या आणल्या होत्या. त्याने पोतं पडवीत ठेवलं आणि पाठ भिंतीला लावून उभा राहिला. दोघांमध्ये चार हातांचं अंतर होतं आणि दोघेही समोरच्या नारळाकडे बघत होते, जसं काही त्या नारळाकडेच काम होतं.

"दक्षा, त्याला सांग, कड्यांना मनीप्लांटची माती लागलीय," दादा म्हणाला.

"दक्षा, त्याला सांग, फळीवर टीव्हीच्या पायांचे डाग पडलेत," भाई म्हणाला.

दक्षाबाईंनी दोघांनाही काही सांगितलं नाही, स्टूल आणलं. स्टुलावर चढायचं वय तिघांचंही नव्हतं, म्हणून टेम्पोचा ड्रायव्हर चढला. कड्या लागल्या, फळी लागली, आणि लटकलेला झोपाळा एकदा कुरकुरला. त्या आवाजाने दोघा भावांची नारळावरची नजर झोपाळ्यावर आली. दक्षाबाई उगाचच पाणी आणायला आत गेल्या.

बाहेर येऊन बघतात तर उंचीवरून जुंपलेली. भाईच्या सांगण्यावरून ड्रायव्हरने साखळी सैल सोडली होती आणि फळी फरशीपासून वीतभर अंतरावर आली होती. भाई म्हणत होता, बरोबर, हाच हिंचका. दादा म्हणत होता, की याला काय झोपाळा म्हणतात, हा तर पाट झाला, त्यावर बसून जेवायचं का? दोघेही हे ड्रायव्हरला सांगत होते. तो गरीब बिचारा एकदा इकडे, एकदा तिकडे मान हलवत होता.

"एवढ्या खाली माणूस बसूच शकत नाही," दादा म्हणाला. "बघ, बसून दाखवतो."

आता बसू शकत नाही हे बसून दाखवणं म्हणजे काय, हे त्याला कुणी विचारलं नाही. सुषमावहिनी अहो अहो करेपर्यंत त्याने कडी धरली, डोळे मिटले आणि धप्पकन बसकण मारली. झोपाळा मागे गेला, पुढे आला आणि थांबला. दादाचे दोन्ही पाय समोर लांब पसरलेले, बदललेले गुडघे वाकायला तयार नाहीत. त्याने उठायचा प्रयत्न केला. झोपाळा मागे गेला. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा मागे गेला. दादाच्या चेहऱ्यावर आधी राग होता, मग हसू आलं, मग तेही गेलं आणि तिथे म्हातारपण येऊन बसलं.

वहिनींनी एक हात धरून ओढला, दक्षाबाईंनी दुसरा. दोघी धापा टाकायला लागल्या आणि दादा जिथल्या तिथे. ड्रायव्हर पुढे होणार तेवढ्यात धनेशभाई भिंतीपासून सुटला. चार ढांगांत समोर येऊन उभा राहिला. गोण्या उचलून उचलून त्याचे हात अजून जाडजूड होते. तो दक्षाबाईंकडे वळला, म्हणाला, त्याला सांग, हात दे. दक्षाबाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले. त्या नाही म्हणजे नाहीच बोलल्या.

शेवटी धनेशभाईने खाली बघितलं.

"दे हात," तो म्हणाला.

दादाने हात दिला. भाईने एका हिसक्यात त्याला उभं केलं, आणि उभं केल्यावर लगेच सोडलं नाही, कारण दादाचे पाय लटपटत होते. दोघे तसेच एकमेकांना धरून उभे राहिले. दादा म्हणाला, वजन कमी झालंय तुझं. भाई म्हणाला, शुगर आहे. केव्हापासून, दादाने विचारलं. तीन-चार वर्षं झाली. मला कुणी सांगितलं नाही, दादा म्हणाला, आणि हे तो दक्षाबाईंकडे रागाने बघत म्हणाला, म्हणजे सगळी चूक जणू तिचीच.

मग काम नीट सुरू झालं. साखळी चढवून फळी दादाच्या म्हणण्याप्रमाणे गुडघ्याला आणली. दादा बसला, आणि पुन्हा उठता येईना. भाईने पुन्हा उठवलं. साखळीचे आणखी दोन दुवे वर घे, भाईनेच ड्रायव्हरला सांगितलं. दादा बसला, उठताना कण्हला. आणखी एक घे. आता कुणाचा झोपाळा बरोबर हे दोघांच्याही डोक्यातून गेलं होतं, दादाला बसून आपलं आपण उठता आलं पाहिजे एवढंच उरलं होतं. भाई एखाद्या पोराला सायकल शिकवावी तसा त्याच्या मागे-पुढे करत होता आणि दर वेळी विचारत होता, आता? करता करता एका उंचीवर दादा बसला आणि कुणाला हात न लावता टुणकन उभा राहिला. सुषमावहिनींनी पदराने डोळे पुसले. त्यांच्या घरात असा कुणी टुणकन उठल्याला बरेच दिवस झाले होते.

दक्षाबाईंचं चित्र खिडकीत ठेवलेलं होतं. दादाचं लक्ष तिकडे गेलं. त्याने चित्राकडे बघितलं, झोपाळ्याकडे बघितलं, आणि वहिनींना आतून कळशी आणायला सांगितली. कळशी फळीखाली सरकवली तर अलगद बसली, वर चार बोटं जागा राहिली. दादाने मिशीवरून हात फिरवला आणि इकडेतिकडे पाहिलं. मिशीचं बोलणं भाईला माहीत नव्हतं हे त्याच्या नशिबाने.

"आता तू बस," दादा दक्षाबाईंना म्हणाला. "तुझाच झोपाळा आहे."

हे वाक्य त्याने चित्राबद्दल म्हटलं की खऱ्या झोपाळ्याबद्दल, ते त्यालाच ठाऊक. पण भाईनेही त्यावर काही हरकत घेतली नाही, नुसती फळी हाताने पुसून दिली. टीव्हीच्या पायांचे डाग पुसले गेले नाहीत. दक्षाबाई अंगाने लहानखुऱ्या. त्यांना त्या उंचीवर चढताना टाचा उचलाव्या लागल्या. बसल्या, मागे सरकल्या आणि त्यांच्या लक्षात आलं की आपले पाय जमिनीला टेकत नाहीत.

त्यांना आठवत होता तो झोपाळा हाच होता. दादाच्या मनात तो मिशी फुटायच्या वयातला होता, भाईच्या मनात हातपाय वाढायच्या वयातला आणि दक्षाबाईंच्या मनात पाय न टेकणाऱ्या वयातला. तिघेही खरं बोलत होते. इतकी वर्षं सुताने मोजून सामान काढणाऱ्या बाईंनी ही एकच वस्तू न मोजता काढली होती. त्यांना हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे त्यांना उचकी लागली.

उद्या मुंबईहून फोटो काढायला बाई येणार आहेत, तेव्हा तुम्ही दोघंही इथे पाहिजेत, घरची माणसं म्हणून, असं त्यांनी उचक्या देत सांगितलं. दादा म्हणाला, येऊ की. भाई म्हणाला, नवा शर्ट घालतो. फळी परत न्यायचं दादाने काढलं नाही आणि कड्या परत न्यायचं भाईने काढलं नाही. टेम्पोवाला मात्र गोधडी परत मागायला आला, ती त्याची होती.

धनेशभाई झोपाळ्याच्या मागे जाऊन उभा राहिला. काही न विचारता त्याने दोन्ही हातांनी फळी मागे ओढली आणि सोडून दिली. दक्षाबाई थेट पडवीच्या कठड्याबाहेर, नारळाच्या दिशेने गेल्या, त्यांची एक चप्पल अंगणात उडाली आणि साडीचा घोळ वाऱ्यावर गेला. परत आल्या तर भाई पुढचा झोका द्यायला हात पुढे करून तयार.

अमृतदादा आपल्या दोन खुर्च्यांवरून ओरडला, "हळू रे धनेश, लहान आहे ती."

दक्षाबाईंनी दोन्ही हातांनी कड्या घट्ट धरल्या.